आधी खांदा, मग पंख

दुसरे महायुद्ध संपले आणि कानपूरच्या चकेरी तळावर अमेरिकी बनावटीच्या बी-24 लिबरेटर विमानांच्या रांगा धूळ खात उभ्या राहिल्या. लिबरेटर म्हणजे चार इंजिनांचे अवाढव्य बॉम्बफेकी विमान. ब्रिटिशांनी ही विमाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वापरली होती, पण ती त्यांच्या मालकीची नव्हती. ‘लेंड-लीज’ कराराखाली अमेरिकेने ती उसनी दिली होती. लढाई संपली की परत करा, पैसे मोजा, नाहीतर मोडून टाका, असा तो व्यवहार. ब्रिटनच्या तिजोरीत खडखडाट होता आणि एवढी विमाने सातासमुद्रापार परत नेण्यात कुणालाच रस नव्हता. उरला तिसरा मार्ग. पत्र्यांना कुदळीने भोके पाडली, कुठे बुलडोझर घातला, इंजिनांत वाळू ओतली. पुन्हा कधी कुणाला ती उडवता येऊ नयेत एवढा बंदोबस्त करून ब्रिटिश निघून गेले.

1948 मध्ये भारतीय हवाई दलाला बॉम्बर विमानांची निकड होती. काश्मीरची लढाई पेटलेली होती आणि मालवाहू डकोटाच्या उघड्या दारातून हाताने बॉम्ब ढकलून वेळ मारून नेली जात होती. नवी विमाने घ्यायला परकीय चलन नाही. तेव्हा नजर वळली ती चकेरीच्या भंगाराकडे. हे काम होण्यासारखे नाही, असे परदेशी जाणकारांचे मत पडले. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने मात्र ते अंगावर घेतले.

हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने डिसेंबर 1940 मध्ये उभारला होता. 1942 मध्ये तो सरकारकडे गेला आणि युद्धाच्या उत्तरार्धात अमेरिकी हवाई दलाने तिथे विमानदुरुस्तीचा मोठा तळ चालवला. त्यामुळे तिथल्या फिटर-मेकॅनिकांच्या हाताखालून अमेरिकी यंत्रे भरपूर गेली होती. आणखी एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. लिबरेटरचे इंजिन आणि डकोटाचे इंजिन एकाच घराण्यातले: प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे 14 सिलिंडरचे ‘ट्विन वास्प’. डकोटाची दुरुस्ती बंगळुरूच्या माणसांना पाठ होती. परदेशी तज्ज्ञांना ढिगात भंगार दिसले, या माणसांना ओळखीचे इंजिन दिसले.

मग एकाचा धड पंख, दुसऱ्याचे चाक, तिसऱ्याचे मीटर असे जुळवत, भोके पडलेल्या पत्र्यावर ठिगळे रिव्हेट करत त्यांनी विमान निदान एकदा उडेल इतपत उभे करायचे ठरवले. खरी दुरुस्ती बंगळुरूत व्हायची होती. प्रश्न होता कानपूर ते बंगळुरू या एका उड्डाणाचा. ते केले जमशेद मुन्शी या चाचणी वैमानिकाने. लिबरेटर त्यांनी आधी कधी चालवलेले नव्हते. माहितीपुस्तिका वाचून त्यांनी पहिले विमान उचलले आणि मग एकामागून एक 42 लिबरेटर बंगळुरूला पोहोचली. जे विमान कुणीतरी मुद्दाम मारले आहे, ज्याच्या इंजिनात कालपर्यंत वाळू होती आणि ज्याचा प्रत्येक अवयव वेगवेगळ्या प्रेतातून आलेला आहे, त्यात बसून 1,500 किलोमीटर जायचे. पोहोचल्यावर परत यायचे आणि दुसऱ्यात बसायचे. भारतीय विमानविद्येच्या इतिहासात या 42 उड्डाणांना जेवढे मोठे स्थान मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही, असे मला मनापासून वाटते.

नोव्हेंबर 1948 मध्ये या विमानांवर हवाई दलाची 5 क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे लिबरेटरचे घर झाले पुणे, म्हणजे लोहगावचा तळ. 1951 मध्ये 6 क्रमांकाची स्क्वाड्रनही लिबरेटरवर उभी राहिली आणि समुद्रावर नजर ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. पुण्याहून अरबी समुद्राकडे निघायचे म्हणजे सह्याद्री ओलांडून कोकणावरूनच जायचे. चार इंजिनांची ती संथ घरघर पश्चिम किनाऱ्याच्या आकाशाने पुढची दीडेक दशके ऐकली. 1968 अखेर लिबरेटर निवृत्त झाले. तोवर जगातल्या बाकीच्या हवाई दलांनी ते कधीच मोडीत काढले होते. 18 हजारांहून अधिक बनलेल्या या विमानाचे धडधाकट नमुने हवेत म्हणून पाश्चात्त्य संग्रहालये भारताच्या दारी आली. एक विमान ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयात गेले. एक कॅनडाला गेले आणि त्याच्या बदल्यात आलेले लायसँडर विमान आज दिल्लीच्या पालम संग्रहालयात उभे आहे. एक अ‍ॅरिझोनातल्या पिमा संग्रहालयात पोहोचले. आणखी एक इंग्लंडमार्गे अमेरिकेत जाऊन 1989 मध्ये पुन्हा उडू लागले. ब्रिटिशांनी कायमचे मारले म्हणून सोडून दिलेले विमान ब्रिटिशांनाच आपल्या संग्रहालयासाठी भारताकडून घ्यावे लागले.

अशा विमानांना फिनिक्स म्हणावे असे कुणालाही वाटेल. राखेतून उठणारा, नव्याने भरारी घेणारा पक्षी. मराठी वर्तमानपत्रांतही तो इतका रुळला आहे की खेळाडूपासून साखर कारखान्यापर्यंत कुणीही सावरले की फिनिक्स हजर होतो. पण या पक्ष्याची जुनी गोष्ट वेगळी आहे आणि ती मला जास्त खरी वाटते.

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तविषयी लिहिताना फिनिक्सची हकीकत नोंदवली. आपण तो पक्षी फक्त चित्रात पाहिला, हे तो आधीच सांगून टाकतो. आकार गरुडाएवढा, पिसे काही सोनेरी, काही तांबडी. 500 वर्षांतून एकदा तो इजिप्तमधल्या हेलिओपोलिस या सूर्यनगरीत येतो, आणि येतो तो बाप मेल्यावर. अरबस्तानातून निघताना तो बापाचा देह बरोबर आणतो. हे तो कसे साधतो, हे हिरोडोटसने फार बारकाईने लिहिले आहे. आधी तो बोळ या सुगंधी डिंकाचे एक अंडे वळतो, आपल्याला पेलेल एवढ्या वजनाचे. ते उचलून थोडे उडून पाहतो, झेपते का याची चाचपणी करतो. झेपते असे ठरले की अंडे आतून पोखरतो, त्यात बापाला ठेवतो आणि भोक पुन्हा डिंकाने बुजवतो. आता वजन पुन्हा पहिल्याइतकेच. मग ते अंडे घेऊन तो सूर्याच्या देवळापर्यंत उडत जातो. हे सांगण्याआधीच हिरोडोटस म्हणतो की माझा यावर विश्वास नाही. विश्वास नसतानाही त्याने हे सगळे लिहून ठेवले, हे आपले नशीब.

या हकीकतीत आग नाही, राख नाही, राखेतून उठणेही नाही. आहे तो मुलगा, त्याच्याजवळचे बापाचे ओझे आणि ते पेलेल का याची आधी केलेली चाचपणी. रोमन कवी ओव्हिडच्या काळापर्यंतसुद्धा गोष्टीचा गाभा हाच होता: सुगंधी काड्यांच्या घरट्यात म्हातारा पक्षी मरतो, त्याच्यापासून जन्मलेला नवा पक्षी पंखांत बळ आल्यावर ते घरटे उचलून सूर्यमंदिरी नेऊन ठेवतो. ज्वाला नंतर शिरल्या. ख्रिस्ती लेखकांना पुनरुत्थानाचा दाखला हवा होता, तो या पक्ष्यात सापडला आणि चौथ्या शतकापर्यंत फिनिक्स चितेवर चढून स्वतःच स्वतःला जन्म देऊ लागला. बाप आणि मुलगा ही दोन माणसे, म्हणजे दोन पक्षी, एक झाले. त्याबरोबर खांदा देण्याची गोष्ट पुसली गेली आणि उरली नुसती भरारी.

विमानवाल्यांच्या हाती आला तो हा दुसरा, आगीचा फिनिक्स. योगायोग असा की ज्या हेलिओपोलिसला तो पक्षी यायचा त्या नावाच्या कैरोच्या उपनगरात फेब्रुवारी 1910 मध्ये विमानांचा मेळावा भरला होता, आफ्रिका खंडातला पहिला. पुढे विलायतेहून भारताकडे येणारी हवाई टपाल इजिप्तच्या वाटेने कराचीला येऊ लागली आणि 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी ती कराचीहून जुहूला आणली. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरायचे, तेव्हा टाटांचा हवाई संसार पुण्याला हलायचा. सह्याद्रीच्या अलीकडचे जुलैचे आकाश विमानाला मानवत नाही, हे इथल्या उड्डाणांच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक झालेले सत्य आहे. त्याची गाठ पुढे पडायची आहे.

फिनिक्स नावाची जी विमाने झाली त्यांचे नशीब फारसे चांगले निघाले नाही. इंग्लंडच्या हेस्टन कंपनीने 1935 मध्ये पाच जणांचे देखणे छोटे विमान काढले, नाव फिनिक्स. एकूण सहाच बनली. त्यातले एक ऑस्ट्रेलियाच्या जिमी मेलरोझ या लाडक्या तरुण वैमानिकाने घेतले. जुलै 1936 मध्ये खराब हवेत ते आकाशातच मोडले आणि तो व त्याचा प्रवासी दोघेही गेले. मेलरोझ 22 वर्षांचा होता. अमेरिकी नौदलाच्या एफ-14 लढाऊ विमानावर फिनिक्स नावाचे क्षेपणास्त्र होते. ते एकदाच जळते आणि परत येत नाही. हे नाव त्याला कुणी का दिले असेल, मला उलगडत नाही.

सगळ्यांत गाजला तो कादंबरीतला फिनिक्स. एलेस्टन ट्रेव्हर यांची कादंबरी 1964 ची, तिच्यावरचा रॉबर्ट ऑल्ड्रिच यांचा ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ हा चित्रपट 1965 चा. सहारा वाळवंटात एक मालवाहू विमान कोसळते. पाणी संपत आलेले. अपघातात गेलेल्यांना आधी वाळूत पुरले जाते आणि मग वाचलेले लोक मोडक्या विमानातून एक छोटे विमान बांधायला घेतात. त्यांचा मार्गदर्शक जर्मन अभियंता. अर्धेअधिक काम झाल्यावर कळते की त्याने आयुष्यभर फक्त खेळण्यातली, नमुन्याची विमाने आखली आहेत. कथेतले विमान उडते. चित्रीकरणासाठी खरोखरच बांधलेले विमान मात्र 8 जुलै 1965 रोजी वाळूला टेकून उठण्याचा प्रसंग पुन्हा एकदा चित्रित करताना मोडले आणि ते चालवणारे पॉल मँट्झ हे हॉलिवूडचे नामांकित वैमानिक ठार झाले.

त्या चित्रपटातले कोसळणारे विमान फेअरचाइल्ड कंपनीचे ‘पॅकेट’, दोन शेपट्यांचे. त्याचीच सुधारित पुढची आवृत्ती आपल्या हवाई दलाने 1954 पासून चालवली. हिमालयात त्याचा जोर कमी पडतो म्हणून बंगळुरूच्या त्याच कारखान्याने त्याच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवून दिले. या पॅकेटने जुलै 1962 मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे लडाखच्या दौलत बेग ओल्डीला उतरले, 16 हजार फुटांहून अधिक उंचीवर. वाळवंटात अडकलेल्या कल्पित फिनिक्सवर चित्रपट निघाला. राजेंच्या उड्डाणावर किंवा मुन्शींच्या 42 फेऱ्यांवर निघाला नाही.

आता नावाचा दुसरा किस्सा, आणि हा थेट आपल्या कोकणाशी जोडलेला.

27 ऑक्टोबर 1947 च्या सकाळी दिल्लीहून डकोटा विमाने शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली. काश्मीरवर चालून आलेले टोळीवाले बारामुल्लापर्यंत पोहोचले होते. आणखी उशीर झाला असता तर विमानतळच हातचा गेला असता. बटालियनचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय पहिल्याच झटापटीत कामी आले. त्या विमानांतल्या एकाचा क्रमांक व्हीपी 905. पुढे डकोटा मोडीत निघाली आणि हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात उडणारी एकही उरली नाही.

ती परत आली ती एका मुलाच्या हट्टामुळे. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे डकोटाचे वैमानिक. मुलाने 2011 मध्ये एक जुनी डकोटा विकत घेतली, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला ती नव्यासारखी करून घेतली आणि हवाई दलाला भेट देऊ केली. पहिल्यांदा देकार नाकारला गेला. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाल्यावर तो स्वीकारला गेला. 17 एप्रिल 2018 रोजी कॉव्हेंट्रीहून निघालेली ही डकोटा ग्रीस, जॉर्डन, सौदी अरेबियावरून टप्प्याटप्प्याने येत 25 एप्रिलला जामनगरला उतरली आणि 4 मे रोजी हिंडनच्या तळावर रीतसर दाखल झाली. शेपटीवर क्रमांक रंगवला व्हीपी 905. हे ते विमान नव्हे. 1947 ची डकोटा गेली ती गेली. ही तिचा क्रमांक वागवणारी दुसरी. आणि हिचे नाव ठेवले ‘परशुराम’.

कोकणात परशुराम म्हटले की बाण मारून समुद्र हटवणारा, भूमी काढणारा देव डोळ्यांसमोर येतो. चिपळूणजवळच्या डोंगरावर त्याचे देऊळ आहे आणि महाड-पोलादपूरची माणसे कशेडी घाट उतरून तिकडे जात-येत असतात. पण महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, नांदेड जिल्ह्यातल्या माहूरला याच परशुरामाची वेगळी कथा सांगतात. सहस्रार्जुनाच्या लोकांनी जमदग्नींना मारले तेव्हा परशुरामाने खांद्यावर कावड घेतली. एका पारड्यात बापाचे कलेवर, दुसऱ्यात आई रेणुका. कोरी भूमी शोधत तो रानोमाळ चालला आणि माहूरच्या डोंगरावर थांबला. तिथे दत्तात्रेयांच्या सांगण्यावरून त्याने बापाचा अंत्यविधी केला. परशू नंतर चालला, आधी कावड.

हिरोडोटसचा पक्षी आणि माहूरची कावड यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही. पण बापासाठी जुने विमान परत आणणाऱ्या मुलाने त्याला बापाची कावड वाहणाऱ्या मुलाचे नाव द्यावे, आणि त्या विमानाने अरबस्तानावरून उडत यावे, हे जुळून आले खरे. आपल्याकडे फिनिक्सच्या जवळचा पक्षी शोधायचा तर तो संपाती. जटायूचा हा थोरला भाऊ. सूर्याच्या दिशेने झेपावलेल्या धाकट्याला पंखांखाली घेताना त्याचे पंख जळाले आणि तो डोंगरावर वर्षानुवर्षे पडून राहिला. जटायू मेल्याची बातमी वानरांकडून कळली तेव्हा त्याने एकच मागणे केले: मला समुद्राकाठी न्या, भावाला पाणी द्यायचे आहे. जळालेल्या पंखांना पिसे फुटली ती तिलांजली देऊन झाल्यावर. वाल्मीकींनी हा क्रम जपला आहे.

आधी खांदा, मग पंख: हा क्रम मनात आहे म्हणून मला तळीयेविषयी लिहायचे आहे.

तळीये हे महाड तालुक्यातले डोंगराच्या कुशीतले गाव, वाड्या-वाड्यांत विखुरलेले. 22 जुलै 2021, गुरुवार. आदल्या रात्रीपासून पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला 23 जुलैच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हे पाणी एका बाजूने कृष्णा-कोयनेकडे आणि दुसऱ्या बाजूने सावित्रीत उतरते. सावित्री आणि गांधारी फुगल्या, महाड शहर बुडाले. वीज नाही, फोन लागत नाहीत. डोंगरउतारावरचा मातीचा जाड थर पाणी पिऊन पिऊन फुगला होता. खाली काळा कातळ आणि वर भिजलेल्या मातीचे वजन. दोहोंच्या मध्ये पाणी शिरले की माती कातळाला धरून राहत नाही. दुपार कलल्यावर तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. तीसहून अधिक घरे गाडली गेली आणि 80 हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठजवळच्या साखर गावातली सुतारवाडी इथेही दरडी कोसळून माणसे दगावली.

पहिले फावडे गावकऱ्यांनीच घातले. बाहेरची मदत येणार कुठून? महाडला वेढा पाण्याचा, वाटांवर दरडी. वरून यावे तर जुलैचे आकाश. ढग डोंगराच्या कमरेला टेकलेले, दरी दिसत नाही, आणि अशा दरीत हेलिकॉप्टर घालणे म्हणजे आणखी एक अपघात ओढवून घेणे. 23 तारखेला पहाटे मुंबईच्या ‘आयएनएस शिक्रा’ तळावरून नौदलाचे सी किंग हेलिकॉप्टर पोलादपूर-रायगडकडे निघाले. एनडीआरएफची तुकडी तळीयेत पोहोचली तीही दुसऱ्या दिवशीच. सी किंगचे नाव समुद्राच्या राजाचे, शिक्रा हा शिकारी पक्षी. नावे मोठी असतात. ढगांपुढे आणि चिखलापुढे ती थांबतात. यात वैमानिकांचा दोष नाही. त्याच्या पाच वर्षे आधी, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल दोन एसटी गाड्यांसकट वाहून गेला, तेव्हाही याच हवेत हेलिकॉप्टरे नदीवर घिरट्या घालत होती आणि माणसे सापडत नव्हती.

तळीयेत दरडीनंतरचे चार दिवस जे चालले त्याला बचावकार्य म्हणायची सवय आहे. पहिल्या काही तासांनंतर ते बचावकार्य राहिले नव्हते. जेसीबी चिखल ओढत होते आणि कडेला उभी असलेली माणसे आपल्या माणसाची वाट पाहत होती: जिवंत नाही, पण हाताला लागेल एवढी आशा धरून. साडीच्या काठावरून, हातातल्या बांगडीवरून, कमरेच्या करगोट्यावरून ओळख पटवायची. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याकडे गेलेला मुलगा बातमी कळून गावी यायचा तो आईबापांना खांदा द्यायला, आणि खांदा द्यायला देह नसायचा. पन्नासहून अधिक देह मिळाले, तीसएक मिळालेच नाहीत. 26 जुलैला शोध थांबवण्यात आला आणि उरलेल्यांना मृत मानले गेले. ते अजून त्या मातीतच आहेत.

महाडला हे पहिल्यांदा घडले नव्हते. 2005 च्या जुलैत जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते या तालुक्यातल्या गावांवर असेच डोंगर आले होते आणि जवळपास 200 माणसे गेली होती. तेव्हाही माणसे सावरली, घरे उभी राहिली आणि ‘राखेतून भरारी’ लिहिले गेले. हे शब्द लिहिणाऱ्यांच्या सदिच्छेबद्दल मला शंका नाही. पण आगीच्या फिनिक्सला कुणाची मदत लागत नाही. तो जळतो, आपला आपण उठतो आणि उडून जातो. अशा पक्ष्याशी गावाची तुलना केली की घर बांधून देणाऱ्याची, दरड कुठे येईल हे आधी सांगणाऱ्याची जबाबदारी कुणाच्या लक्षात राहत नाही. चकेरीची लिबरेटर आपोआप उठली नव्हती. कुणीतरी त्यांच्या इंजिनातली वाळू कणाकणाने काढली होती, बंगळुरूत कारखाना होता, पगार मिळत होता, सुटे भाग येत होते. कॉव्हेंट्रीच्या डकोटामागे एका मुलाचा पैसा आणि सात वर्षांचा चिवटपणा होता. हिरोडोटसच्या पक्ष्यालासुद्धा आधी ओझे तोलून पाहावे लागले.

तळीयेतल्या वाचलेल्या माणसांना आधी कंटेनरमध्ये ठेवले गेले. उन्हाळ्यात पत्रा तापतो, पावसाळ्यात त्यावर पडणाऱ्या थेंबांचा आवाज झोपू देत नाही, आणि ज्याने पावसात घर गाडले गेलेले पाहिले आहे त्याला तो आवाज नुसता आवाज राहत नाही. पक्की घरे बांधण्याचे काम म्हाडाने घेतले. जागा शोधणे, जमीन संपादणे, उतार सपाट करणे, रस्ता, पाणी यांत वर्षे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला तेव्हा लोकांना तळीयेची आठवण झाली, आणि तळीयेतली कुटुंबे तोवर कंटेनरमध्येच राहत होती.

रायगड जिल्ह्यात शंभरहून अधिक गावे दरडप्रवण म्हणून नोंदलेली आहेत आणि त्यांतली सर्वांत जास्त महाड तालुक्यात आहेत. जून उजाडला की तिथल्या घरांना स्थलांतराच्या नोटिसा जातात. माणसे शाळेत, समाजमंदिरात, नातेवाइकांकडे चार दिवस काढतात, गुरांसाठी आणि लावणीसाठी परत वाडीत येतात. तळीयेची घरे उभी राहायला किती वेळ लागला हे पाहता या वाड्यांची घरे दरड येण्याआधीच बांधायला घ्यावी लागतील, आणि ती शेतापासून इतकी लांब नसावीत की लावणीच्या दिवसांत माणसाला पुन्हा डोंगराखालीच मुक्काम करावा लागेल.